भरती

खातं वेगळं काढा, काउन्सिलची बाई म्हणाली,
या पैशाला तुमच्या पैशाचा वास लागता कामा नये.
काढलं.
आता दर चार आठवड्यांनी त्यात माझे पाय जमा होतात,
माझी पाठ,
आणि आठवड्याला साडेबावीस तास
दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटातलं बळ.

याआधी एजन्सीच्या बाया यायच्या.
चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण पंधरा मिनिटांत
कुणी किती माया करावी?
पावणेसातला मला झोपवून जायच्या.
जूनमध्ये पेनक्लौधला दहापर्यंत उजेड असतो.
पडद्याच्या फटीतून तो पांघरुणावर येऊन बसायचा,
आणि मी, एकसष्ट वर्षांची बाई,
शिक्षा झालेल्या पोरीसारखी छताकडे बघत.

त्यांच्या तक्त्यात खाडी नव्हती.
खाडीचं घड्याळ रोज पन्नास मिनिटं उशिरा वाजतं.
त्या घड्याळावर मी तीस वर्षं जेवले, झोपले,
दाताळ्याने वाळू खरवडली, तिसऱ्या चाळल्या,
नवऱ्याशी भांडले तेही पाणी चढायच्या आत.
कुणी विचारलंच नाही,
मोर्विध, तुला उठायचंय कधी?

तेव्हा मी भरती केली.
ओहोटीसाठी भरती.
चिप्सच्या दुकानात चिठ्ठी लावली:
मदतनीस हवा. वेळ चंद्र सांगेल ती.
तिघं आले.
एकीने सगळे प्रश्न माझ्या बहिणीला विचारले.
एकाला वाटलं, चंद्र म्हणजे मी थोडी वेडी आहे.
गेथिनने दारातच विचारलं,
आधी चहा की आधी बूट?

बूट.

मग विमा, पेन्शन, त्याची पगारी रजा,
बिस्किटांच्या डब्यात पावत्या.
कागदावर मी मालकीण.
आई ऐकती तर हसून लोळली असती.
तिचं दाताळंसुद्धा उसनं होतं.

सगळं गोड नाही हं.
नाताळच्या आदल्या रात्री गेथिन तापाने फणफणला,
मी एजन्सीला फोन लावला.
ताई, तुम्ही आता आमच्या यादीत नाही.
ती रात्र मी खुर्चीत काढली, कोट घालून,
ओली.
हे मी काउन्सिलच्या बैठकीतही सांगितलं.
योजना वाढवायची म्हणून बोलावलं होतं मला,
चार चांगले शब्द बोलायला.
शेवटच्या रांगेतून इद्वाल म्हणाला,
मला नाही व्हायचं कुणाचा मालक.
माझ्याच्यानं आता पावत्या मोजवत नाहीत.
वेळेवर येणारं माणूस द्या, आणि रोज तेच द्या,
बाकी तुमचं तुम्ही बघा.
मी म्हटलं, हेही लिहून घ्या.
निळ्या जाकिटातल्या पोरीने काहीतरी लिहिलं.
काय, ते दिसलं नाही.

परवा पत्र आलं.
गुरुवार, रात्री नऊ ते अकरा, दोन तास. कारण?
मी लिहिलं: ओहोटी.
परत आलं: कृपया खुलासा करावा.

खुलासा असा, की धक्क्याचा उतार जिथे संपतो
तिथून पुढे चाकं रुततात.
तिथे गेथिन ब्रेक लावतो,
गुडघ्यापर्यंत विजार दुमडून खाली जातो,
आणि मी ओरडते, डावीकडे रे, डावीकडे,
जिथे वाळूला बारीक डोळे पडलेत तिथे.
ओंजळभर घेऊन येतो.
निम्म्या पोकळ असतात, गाढवाला अजून कळत नाही.
माझ्या मांडीवर ओततो, पाणी झिरपत पायावर जातं.
पायाला कळत नाही.
मला कळतं.

हे कुठल्या रकान्यात घालू?
पत्र डब्यात ठेवलंय, पावत्यांच्या वर.
बघू.
उद्या नऊ पन्नासला आहे.